अर्धा घरात, अर्धा भाड्याने

एका जंगलात, मुलांनो, घर विकत घ्यायला कागद लागत नसे. सही नाही, शिक्का नाही, हेलपाटे नाहीत. घेणाऱ्याने बिळात शिरायचं, आत एकदा स्वतःभोवती वळायचं आणि तोंड पुढे करून बाहेर यायचं. झालं. बीळ त्याचं.

याला वळसा म्हणत.

पण घेणारा मध्येच कचरला आणि मागच्या मागे, शेपूट आधी करून बाहेर आला, तर सौदा मोडला. मग वर्षभर त्याला जंगलात कोणी बीळ विकत नसे. वर लहान पोरं मागे लागत, ती वेगळी.

आणखी एक अट होती. वळसा टिटवीच्या समोर घेतला तरच धरला जाई. टिटवी ही त्या जंगलातली घरांची दलाल. ती स्वतः उघड्या माळावर चार खडे गोळा करून त्यांत अंडी घालते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरं विकणाऱ्याला स्वतःचं घर असावंच लागतं असं थोडंच आहे?

तर या जंगलात साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं. साळिंदर तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर काटे. एरवी ते पाठीवर चापून बसवलेले असतात, तेल लावून भांग पाडल्यासारखे. पण साळिंदर घाबरलं की सगळे काटे ताठ उभे राहतात आणि ते आहे त्याच्या दुप्पट दिसू लागतं. माणसं घाबरली की लहान दिसतात. साळिंदरांचं उलट आहे.

थोरल्या भावाचं नाव धीराजी. धाकट्याचं चुळबुळ्या. थोरल्याच्या बायकोचं नाव रेशीम. साळिंदराच्या पोरीचं नाव रेशीम का ठेवलं, हे तिच्या माहेरच्यांना विचारा. ते नदीपलीकडे राहतात.

तिघं एका भाड्याच्या कपारीत राहत. कपार हवेशीर होती. फारच हवेशीर होती, कारण तिला दार नव्हतं. बिबट्या फिरायला आला की धीराजी उठायचा, कपारीच्या तोंडाशी बाहेर पाठ करून उभा राहायचा आणि काटे उभे करून खडखड वाजवायचा. बिबट्या जरा वेळ बसायचा, विचार करायचा आणि दुसरीकडे जेवायला जायचा. तेव्हा कपारीला दार नव्हतं असंही म्हणता येणार नाही. दादाच दार होता.

मागच्या अमावास्येला ते दार गेलं.

हे मी एकदाच सांगणार आहे. पुढे गंमत आहे, तिकडे चला.

जाण्याआधी दादाने एक काम करून ठेवलं होतं. टेकडीच्या उतारावर खवलोबा नावाच्या म्हाताऱ्या खवले मांजराचं बीळ होतं. अंगावर खवले, लांब जीभ, जेवणात फक्त मुंग्या. म्हातारपणी पोराकडे राहायला जायचं म्हणून खवलोबाने बीळ विकायला काढलं होतं. दादाने ते पाहिलं, पसंत केलं आणि विसार म्हणून खवलोबाला एक अख्खं वारूळ दाखवलं. खवलोबाने विसार तिथेच उभ्या उभ्या चाटून संपवला. आता उरला होता फक्त वळसा.

त्या दिवशी घरी येऊन दादा म्हणाला होता, "चुळबुळ्या, काय बीळ आहे रे. मी नुसतं बघायला म्हणून शिरलो, तर लोण्यातून सुरी जावी तसा आत. भीती नाही, धाकधूक नाही. घर आपलं असलं की कळतं."

दादा असाच बोलायचा.

दादा गेला आणि वळसा राहिला. घरातला कर्ता वळसा घेतो. कर्ता आता चुळबुळ्या होता. हे ऐकून सगळ्यात जास्त आश्चर्य चुळबुळ्यालाच वाटलं.

त्यात वहिनीला दिवस गेलेले. ती एक दिवस शांतपणे म्हणाली, "भावजी, मी या कपारीत पोर जन्माला घालणार नाही. माझा भाऊ मला न्यायला येतोय. तो यायच्या आदल्या दिवशी वळसा आहे. बीळ झालं तर मी राहीन. नाही झालं तर नदीपलीकडे जाईन. रागाने नाही सांगत. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते."

नदीपलीकडे गेलेलं साळिंदर परत येत नाही. साळिंदरांना पोहणं आवडत नाही, आणि नातेवाईक आग्रह फार करतात.

चुळबुळ्या म्हणाला, "वहिनी, काळजीच सोडा. वळसा मीच घेणार. आत्ता घेऊ का?"

तो सगळंच असं झटक्यात करायचा. झटक्यात भांडायचा, झटक्यात गट्टी करायचा. एकदा झटक्यात सुरण खाल्ला आणि मग तीन दिवस घसा खाजवत बसला. विचार हा प्रकार त्याला नंतर सुचायचा.

तो या वेळीही नंतरच सुचला. वळशाला दोन दिवस राहिले तेव्हा.

घर नव्हतं तेव्हा त्याला फक्त बिबट्याची भीती होती. घर मिळायची वेळ आली तशी त्याला ओलीची भीती वाटू लागली. मग शेजाऱ्यांची. मग छत कोसळण्याची. मग छत न कोसळता तसंच राहण्याची, म्हणजे मरेपर्यंत तेच छत बघण्याची. मग त्याला वाटलं, आपण हे घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या डोंगरात याहून चांगलं निघालं तर? पलीकडच्या डोंगरात तो कधी गेला नव्हता. तिथली बिळं त्याला फार आवडू लागली.

त्याने कासवाला विचारलं. कासव म्हणालं, "मला काय विचारतोस? मी घर घेतलेलं नाही, घराने मला घेतलंय. जपून राहा."

त्याने मैनेला विचारलं. मैना म्हणाली, "घ्यायचंच होतं तर मागच्या वर्षी घ्यायचं होतंस. मागच्या वर्षी बिळं कशी होती." मागच्या वर्षी ती म्हणाली होती, त्याच्या मागच्या वर्षी घ्यायचं होतं.

दोघांनाही विचारून झाल्यावर त्याला आणखी भीती वाटली, आणि मुलांनो, सल्ला घेतात तो यासाठीच.

वळशाचा दिवस उजाडला. साळिंदरं दिवसा झोपतात, पण चुळबुळ्याने त्या दिवशी झोपेची रजा टाकली. वहिनी आणि तो सकाळीच टेकडीवर आले. नियम असा होता की सूर्य डोंगराला टेकायच्या आत वळसा पुरा व्हायला हवा.

टिटवी आधीच येऊन एका पायावर उभी होती.

"या, साळिंदरसाहेब. अगदी योग्य वेळी आलात. काय ती जागा, काय तो उतार, पाणी साचायचा प्रश्नच नाही. आत दोन दालनं, शिवाय कंद ठेवायला कोपरा. पूर्वेला तोंड. आणि समोर पाणवठा."

"पाणवठा कुठे दिसत नाही," वहिनी म्हणाली.

"होणार आहे ना, वहिनी. हत्तींनी पाय रोवून ठेवलेत, फक्त पाऊस पडायचा राहिलाय."

खवलोबा दाराशी सावलीत बसला होता. त्याला आपलं बीळ विकायचं होतं आणि विकायचं नव्हतं. म्हातारे असेच बसतात.

आणि थोड्या अंतरावर, कोणी बोलावलेलं नसताना, मुंगसांची मामी बसली होती. तिच्यामागे सहा पोरं, आणि पोरांच्या डोक्यांवर बोचकी. चुळबुळ्याने माघार घेतली तर त्याच्यानंतर नंबर तिचा होता.

"आम्ही आपलं सहज आलोय हं, बाळ," मामी म्हणाली. "तू घे तुझा वेळ. आमची काही घाई नाही."

पोरांनी बोचकी डोक्यावरून खाली उतरवली नव्हती.

चुळबुळ्याने बिळाकडे पाहिलं. दार म्हणजे एक गोल भोक. खवलोबाच्या मापाचं, फार तर किंचित सैल. आत अंधार. चुळबुळ्याने काटे चापून बसवले, डोकं खाली घातलं, आणि झटक्यात शिरला.

डोकं गेलं. मान गेली. पुढचे दोन पाय गेले. लोण्यातून सुरी जावी तसा तो चालला होता.

तेवढ्यात बाहेरून मामी सहज म्हणाली, "इथे नाग निघतो म्हणे. आम्हाला काय, आमचं ते घरपोच जेवण."

फर्र.

चुळबुळ्याच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. वरचे छतात रुतले, बाजूचे भिंतींत रुतले. चुळबुळ्या दाराला बुचासारखा बसला. पुढे सरकेना. मागे सरकेना. अर्धा आत, अर्धा बाहेर.

वहिनी त्याच्या शेपटीजवळ आली. "भावजी, तुम्ही आत आहात की बाहेर?"

आतून दबका आवाज आला. "दोन्हीकडे आहे, वहिनी."

"तोंड कुठे आहे?"

"घरात."

"आणि बाकीचे तुम्ही?"

"भाड्याने."

टिटवीने पाय बदलला. असे प्रसंग तिने पुष्कळ पाहिले होते. तिचं म्हणणं असं की घेणाऱ्याला फक्त बोलण्यात गुंतवून ठेवावं लागतं.

"साहेब, घाबरू नका. घाबरण्यासारखं काही नाही. आतली माती पाहिलीत का? असली लाल माती आता मिळत नाही."

माती खरोखर चांगली होती. चुळबुळ्याने हुंगली. चार काटे मिटले आणि तो दोन बोटं पुढे सरकला.

"एकदा घेतलंत की जन्मभर बघायला नको," टिटवी उत्साहाने म्हणाली.

जन्मभर हा शब्द ऐकताच चार गेले ते आठ होऊन उभे राहिले.

"घाबरू नका, साहेब."

आणखी सहा उभे राहिले.

तुम्ही करून बघा, मुलांनो. घाबरलेल्याला घाबरू नका म्हणा. तो आधी स्वतःच्या कारणाने घाबरलेला असतो. आता त्याला वाटतं, हा आपल्याला घाबरू नका म्हणतोय, म्हणजे काहीतरी असणार.

मामी जवळ आली. तिच्या आवाजात मध होता. "बाळ, जमत नसेल तर ये हो मागे. यात लाज कसली? पुढच्या वर्षी घे. तुझा दादा असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला कशाची भीती म्हणून नव्हती. तू पडलास धाकटा."

यावर एकूण एक काटे उभे राहिले. शेपटीवरचे, जे एरवी फक्त वाजवायला असतात, तेसुद्धा.

"मामी," वहिनी म्हणाली, "तुमचं एक पोर बोचक्याखाली चेपलंय."

मामी पळाली. पोर चेपलेलं नव्हतं, पण सहा मोजायला तिला वेळ लागला.

टिटवीने दुसरा उपाय काढला. "आपण साहेबांना मागून ढकलू या."

"काट्यांना कोण हात लावणार?" वहिनीने विचारलं.

टिटवीने आभाळाकडे पाहिलं.

"मग मागे ओढू या," आपल्या जागेवरून मामी म्हणाली.

"मागे ओढलं की शेपूट आधी येईल," वहिनी म्हणाली. "मग बीळ तुमचं. मला नियम माहीत आहेत, मामी."

सूर्य डोक्यावर आला, कलला. चुळबुळ्याचा मागचा भाग उन्हात तापला आणि पुढचा गारव्यात गारठला. असा दोन हवामानांत राहणारा तो त्या जंगलातला पहिलाच प्राणी. एक फुलपाखरू येऊन त्याच्या काट्यावर बसलं. त्याला वाटलं निवडुंग आहे.

शेवटी वहिनी त्याच्या शेपटीशी येऊन बसली. जडावलेल्या बाईला बसायला वेळ लागतो, तेवढा तिने घेतला.

"भावजी, खरं सांगा. नागाची भीती वाटते?"

"नाही."

"छताची?"

"नाही."

"मग?"

आतून आवाज आला. "वहिनी, हे दादाचं घर आहे. त्याने पसंत केलं. मी आत जाऊन वळलो की ते माझं होणार. मग दादाचं काय राहिलं?"

वहिनी जरा जवळ सरकली.

"आणि," आवाज आणखी दबला, "इथे दार आहे. म्हणजे कोणाला दारात उभं राहायला नको. दार आधी मिळालं असतं तर."

"हो," वहिनी म्हणाली. "मिळालं असतं तर."

एवढंच बोलून ती बसून राहिली. समजावण्यासारखं काही नव्हतं, आणि टिटवीसारखी ती बोलत सुटणारी नव्हती.

चुळबुळ्याने मान वळवायचा प्रयत्न केला. पुढे जायला नाही, मागे यायला नाही, नुसतं नाक खाजत होतं म्हणून. मान तिरकी झाली, आणि त्याला दारावरचं छत दिसलं. साळिंदराला अंधारात चांगलं दिसतं.

छतात तीन काटे रुतलेले होते.

ते त्याचे नव्हते. त्याचे अजून त्याच्याच पाठीवर होते. हे मोडून मागे राहिलेले, जुने, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे, भरभक्कम काटे होते. चुळबुळ्याने नाक पुढे करून वास घेतला.

वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"खवलोबा," तो आतून म्हणाला.

"काय रे?"

"छतात दादाचे काटे कसे?"

खवलोबा खोकला. मग गोल व्हायला लागला. खवले मांजर अडचणीत आलं की गोल होतं आणि उतार असेल तर घरंगळत निघून जातं. उतार होता. पण वहिनीने पाय आडवा घातला.

"खवलोबा, बोला."

"मी शब्द दिलाय," गोळ्यातून आवाज आला.

"ज्यांना दिलात ते गेले. मी त्यांची बायको आहे. मला परत करा तो शब्द."

खवलोबा हळूहळू उलगडला.

"तो बघायला आला होता ना, त्या दिवशी," तो म्हणाला. "सकाळी सकाळी आला. झोकात शिरला. आणि तिथेच, जिथे हा आहे तिथेच, बसला अडकून."

"दादा?" चुळबुळ्याने विचारलं.

"दादाच. सगळे काटे उभे. मी म्हटलं, ओढू का तुला? तर म्हणतो, नको. मी म्हटलं, बाबा, घाबरू नकोस. तर माझ्यावरच खेकसला. म्हणाला, खवलोबा, मला जरा घाबरू द्या."

"मग?"

"मग काय, घाबरला. चांगला दुपारपर्यंत घाबरला. तोंडाने सांगत होता एकेक. ओल येईल, बायकोला आवडणार नाही, पोर होईल, पोराला मी नीट वाढवीन का, धाकट्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याचं कसं होईल. असं सगळं. मी मुंग्या खात ऐकत होतो. घाबरून घाबरून संपलं, तसा आत गेला, वळला, तोंड पुढे करून आला. टिटवी नव्हती म्हणून वळसा धरला गेला नाही, एवढंच. जाताना म्हणाला, धाकट्याला सांगू नका. त्याला वाटतं मी कशाला भीत नाही."

बिळाच्या तोंडाशी काटे थरथरायला लागले.

"भावजी?" वहिनी म्हणाली.

चुळबुळ्या हसत होता.

"लोण्यातून सुरी म्हणाला होता, वहिनी. सुरी. दुपारपर्यंत."

"मलाही तेच सांगितलं होतं," वहिनी म्हणाली आणि तीही हसायला लागली. "मी म्हटलं होतं, इतका उशीर का झाला? तर म्हणाले, परत येताना पाय दुखला."

चुळबुळ्या इतका हसला की दारावरून माती गळायला लागली. मग त्याचं हसणं जरा दुसरीकडे गेलं. तेही त्याने जाऊ दिलं. मागून नुसती शेपूट दिसत होती. शेपटीवरून कळत नाही, कोण हसतंय आणि कोण काय करतंय.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. "टिटवीबाई."

"बोला, साहेब."

"मला आता घाबरायचं आहे. कोणी मध्ये बोलू नका."

आणि चुळबुळ्या घाबरला. असा घाबरला की त्या जंगलात आजवर कोणी घाबरलं नसेल. आधी छोट्या भीत्या काढल्या. ओल येईल. नाग येईल. शेजारी उसने कंद मागतील. एकेका भीतीला सगळे काटे उभे करून तो अंग घुसळायचा आणि खडखड खडखड माती खाली यायची. मग मोठ्या काढल्या. पोर मला काका म्हणेल, आणि मला काही येत नाही. त्याला बिबट्याचं काय सांगू? वहिनी कधीतरी नदीपलीकडे जाईलच. मी दादाइतका मोठा कधी होणार नाही. खडखड खडखड.

"साहेब, बीळ पडेल," टिटवी न राहवून म्हणाली.

"हो, तीही राहिली," चुळबुळ्या म्हणाला आणि त्या भीतीने पुन्हा एकदा घुसळला.

पोटातला साठा संपत आला. शेवटी तर तो आठवून आठवून घाबरू लागला. भूकंप होईल. हत्ती चुकून वर बसेल. चंद्र पडेल. चंद्राला काटे नुसते अर्धवट उभे राहिले आणि कंटाळून खाली बसले.

मग काहीच उरलं नाही.

चुळबुळ्या आत गेला. शेपूट दिसेनाशी झाली. डोंगराला टेकायला सूर्याला बोटभर अंतर राहिलं होतं. मामीच्या पोरांनी बोचकी घट्ट धरली. टिटवीने दोन्ही पाय जमिनीवर टेकले, जे ती सहसा करत नाही.

बिळातून आधी नाक आलं. मग डोळे. मग मातीने माखलेलं, दमलेलं, पूर्ण साळिंदर.

"तोंड आधी," खवलोबा म्हणाला.

"तोंड आधी," टिटवी म्हणाली. "अभिनंदन, साहेब. मी म्हणतच होते, घाबरण्यासारखं काही नाही."

वहिनी उठली. पोट सांभाळत सरळ दारातून आत निघून गेली.

आणि खवलोबाचे डोळे मोठे झाले.

"थांबा," तो म्हणाला. "ती कशी गेली?"

"म्हणजे काय? पायांनी," टिटवी म्हणाली.

"अहो, ते दार माझ्या मापाचं होतं. पोटुशी बाई त्यातून जाणं शक्यच नाही. हा विचार मी आधी..." खवलोबा थांबला आणि पुन्हा थोडा गोल झाला. हा विचार त्याने आधी केला होता आणि कोणाला सांगितला नव्हता. विकणारे सगळंच सांगत नाहीत.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार दीडपट झालं होतं. छताला आणि भिंतींना काट्यांचे चरे होते. थोडं दादाने घाबरून खरवडलं होतं, उरलेलं धाकट्याने. दोघांपैकी एकजण जरी शूर असता, तरी वहिनी बाहेर राहिली असती.

हे कळल्यावर टिटवी मुळीच गोंधळली नाही. "प्रशस्त दार," ती त्याच सुरात म्हणाली. "हे मी सांगायचंच विसरले होते."

मामी बोचक्यांजवळून उठून आली. तिचा चेहरा पडला होता, पण डोळ्यांत नवा विचार होता. "बाळ," ती चुळबुळ्याला म्हणाली, "ओढ्याकाठी आम्हाला एक बीळ सांगून आलंय. दाराला जरा अरुंद आहे. उद्या सवड काढून येशील का घाबरायला?"

"उद्या नको, मामी," चुळबुळ्या म्हणाला. "आज सगळं संपलंय. परवापर्यंत जमेल तेवढं जमवतो."

दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाऊ नदी ओलांडून आला. ओला, थकलेला आणि बहिणीला न्यायच्या तयारीने आलेला. कपारीत कोणी नव्हतं. विचारत विचारत तो टेकडीवर पोहोचला आणि त्याने बिळात हाक मारली. "रेशीम, आवर. निघायचंय."

आतून रेशीम म्हणाली, "पोहोचलास? आत ये, भाऊ. जेवायचंय अजून. आणि डोकं खाली घालून ये हं, वर ह्यांचे काटे आहेत."

*

तात्पर्य: घर घेताना घाबरू नये, असं सांगणाऱ्यांची दारं अरुंद असतात. जरूर घाबरावं. पोटभर घाबरावं. मात्र जागा बघून. बाहेर उभं राहून घाबरलं तर घर मुंगसांना जातं. आत राहायला गेल्यावर घाबरलं तर झोप जाते. घाबरायचं ते नेमकं दारात. म्हणजे घर कोणाच्याही पसंतीचं असो, दार तेवढं आपल्या मापाचं होतं.